उलट्या रडरची कुळकथा

विमान स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली कोसळू लागलं, की आजचा शिकाऊ वैमानिक चार गोष्टी करतो: थ्रॉटल मागे, एलेरॉन मध्यावर, गिरकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण रडर, मग स्टिक पुढे. यातल्या रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा, माग काढत गेलो आणि थेट 25 ऑगस्ट 1912 च्या सकाळी, इंग्लंडमधल्या लार्कहिलच्या माळावर पोहोचलो.

ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क बंद केबिनच्या ॲव्रो विमानातून तीन तासांची लष्करी चाचणी संपवून उतरत होता. सोबत ले ब्रेटन नावाचा अधिकारी. डावीकडे वळत खाली येताना विमान गरगरू लागलं. पार्कने त्या काळी शहाणपणाचं वाटे ते सगळं केलं: इंजिन पूर्ण जोरात, नाक वर ओढलेलं, रडर वळणाच्याच दिशेला. उपयोग शून्य. होणार कसा? नाक वर ओढल्याने पंखाचा वाऱ्याशी कोन मोठाच राहतो, स्टॉल (पंखाची उचल ढासळलेली अवस्था) सुटत नाही, आणि त्या बाजूचं रडर गिरकीला खतपाणी घालतं. आपण बाहेर फेकले जाऊ नये म्हणून त्याने उजवा हात नियंत्रणावरून काढून चौकटीचा आधार धरला. जमीन पन्नासएक फुटांवर आली तेव्हा शेवटचा उपाय म्हणून रडर पूर्ण उलटं दाबलं. विमान लगेच सरळ झालं.

या प्रसंगाची चर्चा झाली ती फक्त रडरची. माझ्या मते त्या काढलेल्या हातालाही श्रेय आहे. एका हाताची ओढ ढिली पडली असणार, पंखाचा कोन कमी झाला असणार. म्हणजे आजच्या कृतीची शेवटची पायरीही तिथे नकळत घडली.

स्पिनमधून सुटकेची वाट दाखवण्याच्या मानाचे दावेदार बरेच. रेनम हा वैमानिकही 1911 मध्ये अशाच संकटातून सुटला होता. हॉकर या वैमानिकाने 1914 मध्ये, तर गुडन या वैमानिकाने 1916 मध्ये मुद्दाम स्पिन घेतला. लिंडेमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1917 मध्ये फार्नबरोला स्वतः स्पिन घेऊन मोजमापं केली, आणि लोकप्रिय कथांनी सगळं श्रेय त्यालाच देऊन टाकलं. त्याचं काम मोलाचं. पण ते गणित मांडणाऱ्याचं, वाट काढणाऱ्याचं नव्हे. पार्कची सुटका मात्र घडताच साक्षीदारांसमोर तपासली गेली आणि 'फ्लाइट' साप्ताहिकात छापून वैमानिकांपर्यंत पोहोचली.

पार्क त्याच वर्षी 15 डिसेंबरला वेम्बलीजवळ दुसऱ्या विमानाच्या अपघातात गेला. उलट्या रडरवर एकच नाव लिहायचं तर ते त्याचंच.