पायताणाची मालकी

परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. चरित्रात ही हकीकत दोन-चार ओळींत येते आणि आपण पुढे जातो. गिऱ्हाइके येऊ लागली होती. सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे कळले आणि ती यायची थांबली. अर्थशास्त्राचे ज्ञान त्यांच्याइतके त्या बाजारात कुणापाशी होते? तरी व्यवसाय बुडाला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापुरात गंगाराम कांबळे या माणसाचे हॉटेल चालले. संस्थानच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावले, भांडवल दिले आणि पुढे स्वतः त्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात चहा प्यायला थांबू लागले. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही कप उचलावा लागला.

या दोन घटना मी शेजारी ठेवतो त्या शाहू महाराजांचे गुणगान करण्यासाठी नव्हे. ते इतरत्र पुष्कळ झाले आहे. मला दाखवायचे आहे ते धंद्याचे एक साधे गुपित. भांडवलापेक्षाही पहिले गिऱ्हाईक अवघड असते. ते आणून देणारा कुणीतरी पाठीशी लागतो. सवर्ण व्यापाऱ्याला हा पाठीराखा जन्मतःच मिळतो. मामा मुंबईच्या पेढीवर, मेव्हणा पूर्व आफ्रिकेत, चुलता कापडबाजारात. हुंडी वटते ती नात्याच्या शब्दावर. जात हीच त्यांची पतपेढी, आणि निर्यात-कचेरीही तीच. आम्हांला मात्र त्याच जातीने बाजाराच्या उंबऱ्यावर थांबवले. म्हणून लघुउद्योगांना साहाय्य, नवे तंत्र, परदेशी बाजारपेठ हे शब्द सरकारी पत्रकात वाचले की मी एकच प्रश्न विचारतो : या साखळीत करणाऱ्याचे नाव कुठल्या कडीपर्यंत टिकते?

प्रश्न माझ्या घरातला आहे. माझे वडील पायताण करीत. कोल्हापूरकडे चप्पल हा शब्द गिऱ्हाइकाचा. करणाऱ्याच्या तोंडी पायताण. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे ढोरवाड्यातून यायचे. तळ, कान, पट्टा, अंगठा वडील कापायचे आणि रात्री आई चिमणीच्या उजेडात चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालायची. आठवड्याचा माल बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याकडे जायचा. कातड्यासाठी घेतलेली उचल आधी वळती व्हायची; उरेल ते हातावर. दुकानाच्या पेटीवर छापलेले नाव दुकानदाराचे असे. मी शाळेत ते नाव अभिमानाने सांगत असे, आमचा माल तिथे असतो म्हणून. आज तो अभिमान आठवला की लाज वाटते. वडिलांची नव्हे, माझी.

स्वातंत्र्यानंतर राज्याने काही केलेच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. 1948 साली मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था उभी राहिली. 1974 साली महाराष्ट्रात चर्मोद्योगासाठी महामंडळ निघाले, तेच आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. 1976 साली कर्नाटकाने आपले महामंडळ काढले. कर्ज, प्रशिक्षण, विक्री केंद्रे हे सारे आले. पण कर्जाने आरी-रापी घेता येते, गिऱ्हाईक घेता येत नाही.

परदेशी गिऱ्हाईक आले तरी काय होते, हे आग्र्याने आपल्या आधी पाहिले. तिथले जाटव हे जोडे करणारे आणि आंबेडकरी चळवळीत आघाडीवर असलेले लोक. बाबासाहेब मार्च 1956 मध्ये आग्र्याला गेले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने राज्य व्यापार महामंडळ स्थापले आणि पुढे त्याच्यामार्फत भारतीय जोडे सोव्हिएत रशियात व पूर्व युरोपात जाऊ लागले. आग्रा त्यातले मोठे केंद्र. म्हणजे खुद्द सरकारच गिऱ्हाईक आणून देत होते! पण मधली कडी कुणाच्या हाती होती? फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी व्यापाऱ्यांनी आग्र्याचा घाऊक बाजार हाती घेतला होता. 1969 साली आलेल्या ओवेन लिंच यांच्या जाटवांवरील अभ्यासात हे आपल्याला वाचायला मिळते. तिथल्या बाजारात पर्चीची पद्धत होती. जोडे दिले की रोकड नाही. पुढच्या मुदतीची चिठ्ठी मिळे. कारागिराला पीठ आजच हवे, म्हणून तीच चिठ्ठी तो बट्टा सोसून दुसऱ्या दलालाकडे मोडी. व्यापाऱ्याला बिनव्याजी भांडवल पुरवत होता तो हा उपाशी कारागीर. साहाय्य कोण कुणाला करीत होते, हे वाचकांनी ठरवावे. 1991 साली सोव्हिएत संघ कोसळला आणि ती मागणी एकाएकी आटली. ज्याच्याकडे गिऱ्हाइकांचे पत्ते होते त्याने दुसरी गिऱ्हाइके शोधली. ज्याच्याकडे फक्त हात होते त्याच्यापाशी पत्ता नव्हता.

याउलट एक उदाहरण आपल्या सीमेलगतच आहे. बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या पायताणांचे जुने गाव. तिथले समगार म्हणजे आपले चर्मकारच. गेल्या शतकाच्या अखेरीस मधुरा छत्रपती यांच्या ‘अ‍ॅसेंट’ या बंगळुरूच्या संस्थेने तिथे काम सुरू केले. केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या चर्मोद्योग योजनेचे पाठबळ होते. मला यात महत्त्वाचे वाटते ते कामाचे स्वरूप. आमचा कारागीर समोरच्या पायाला बघून पायताण करतो. परदेशी खरेदीदाराला पाचशे जोड एका मापाचे हवेत. तेव्हा मापे ठरवणे, साचे बनवणे, नवे रंग आणि नवे नमुने करणे, ठरल्या तारखेला माल देणे हे सारे शिकावे लागले. बायका बचत गटांत संघटित झाल्या. वेणी घालणारा हात आजवर हिशेबात ‘घरचा’ म्हणून फुकट धरला जाई. तो आता गटाची सभासद म्हणून पैसे मागू लागला. ‘टो होल्ड’ हे नाव कारागिरांच्या संघटनेचे आणि त्याच नावाने माल परदेशी गेला. गाव काही सोन्याचे झाले नाही. पण पेटीवरचे नाव बदलले.

आपल्यातले काही मित्र इथे हरकत घेतात : मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले, आणि तुम्ही कातड्याचा धंदा वाढवायला निघालात? हरकत गंभीर आहे. पण सोडायला सांगितली ती सक्तीची, बिनमोलाची, अपमानाची कामे. मापे ठरवून, हिशेब ठेवून, स्वतःच्या नावाने मिलानला जोड पाठवणे हे बलुते नव्हे. मुलाने हे करू नये असे वाटणाऱ्या बापाला मात्र मी दोष देणार नाही. माझ्या बापाला तसेच वाटले, म्हणून मी शिक्षक झालो.

मिलानचे नाव मी सहज घेतले नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब तशीच पायताणे मांडली आणि ती कुठली हे सांगितले नाही. इकडे गदारोळ झाला, महाराष्ट्राच्या व्यापारी मंडळाने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने उगम मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, असा त्यातला मुद्दा होता.

मग मालक कोण? दोन राज्यांची दोन महामंडळे. कायद्यात कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणतात, आणि तेही त्याने अर्ज करून नोंद मिळवली तर. आजोबा-पणजोबांपासून जे केले त्याचा तो वापरकर्ता! कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. विखुरलेल्या कारागिरांच्या वतीने कुणीतरी उभे राहायलाच हवे होते. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने करार केला तो याच दोन महामंडळांशी : 2,000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत जोडीला सुमारे 800 युरो, म्हणजे 80,000 रुपयांहून अधिक. महामंडळे नसती तर हा करार झाला नसता, हेही खरेच. गंगाराम कांबळ्यांना राजा लागला, आम्हांला महामंडळ लागते. फरक एवढाच की ‘सत्यसुधारक’चा गल्ला गंगारामांच्याच हाती होता.

दलितांचे उद्योजक संघटित होऊ लागले आहेत. मिलिंद कांबळे यांनी 2005 साली पुण्यात ‘डिक्की’ स्थापन केली. 2012 च्या खरेदी धोरणाने केंद्र सरकारच्या खरेदीत 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ठेवला. यातून कारखानदार उभे राहतील, राहावेतही. पण रापी चालवणारा माणूस निविदा भरत नाही. त्याच्या बाजूने अर्ज भरायला बसणारी माणसे हवीत, आणि शिकलेल्या आपल्या पिढीने तिथे किती वेळ दिला, हे मी स्वतःलाच विचारतो.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत चुलतभावाचा वापरकर्ता म्हणून नोंदणीचा अर्ज भरायला मी गावी गेलो. तो सांगत होता, मी लिहीत होतो. वहिनी कोपऱ्यात वेणी घालत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, “भावजी, नाव ह्यांचं एकट्याचंच घालायचं काय?” भाऊ हसला, मीही हसलो, आणि मग दोघेही गप्प झालो. दुसरा अर्ज त्याच संध्याकाळी भरायला घेतला. धंद्याचा पुरावा म्हणून तिच्या नावाचे काय जोडायचे, यावर अजून अडलो आहोत.