मूल हाकेला वळत नाही? मोबाइलवर व्हिडिओ काढा, अंगणवाडी ताईंना दाखवा

शहापूर / मुरबाड : स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. यात मुलाच्या मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते. ही बाहेरची बाधा नाही, आईबापाची चूक नाही, लसीमुळेही होत नाही. रक्त तपासून ती कळत नाही, मुलाचं वागणं बघूनच ओळखावी लागते. म्हणून इथे मोबाइल कामाला येतो.

लक्ष कधी द्यायचं?
- वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही.
- दीड वर्षाचं झालं तरी बोटाने वस्तू दाखवत नाही.
- दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही.
- येत असलेले शब्द बंद झाले.

यातलं काही दिसलं म्हणजे ऑटिझमच, असं नाही. कमी ऐकू येत असेल तरी असं होतं. म्हणून कानाची तपासणीही करून घ्यावी.

मोबाइलचा उपयोग
मूल खेळताना, जेवताना, हाक मारताना दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा. दवाखान्यात मूल बुजतं, घरचं वागणं व्हिडिओत दिसतं. व्हिडिओ ग्रुपवर मात्र टाकू नका.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही २० हो-नाही प्रश्नांची यादी आहे. दिल्लीत ‘स्टार्ट’ नावाचं टॅबलेटवरचं अ‍ॅप २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांवर वापरून पाहिलं गेलं. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ते वापरलं. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण अ‍ॅप असो की यादी, त्यातून फक्त शंका कळते. निदान डॉक्टरच करतात.

कुठे जायचं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. ऑटिझमची लक्षणंही त्यात बघतात. गरज असेल तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ही सेवा मोफत आहे.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं या तपासणीतून सुटतात. अशांनी निघण्याआधी ताईंना सांगावं, नाहीतर भट्टीजवळच्या अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात व्हिडिओ दाखवावा.

निदान झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

‘त्याचा बापपण उशिराच बोलला’ म्हणून वर्ष घालवू नका. बोलायला, मिसळायला शिकवण्याचे उपचार लहान वयात सुरू झाले तर मुलाला जास्त फायदा होतो.