जुन्या संगणकांच्या पेट्यांचा जीर्णोद्धार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हींच प्रथम उभीं राहतात. ज्या वस्तु कालपरवांपर्यंत घराघरांत वापरांत होत्या त्यांसहि इतिहास असतो, हें बहुधा त्या वस्तु भंगारांत गेल्यावर आपल्या लक्षांत येतें. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असल्या वस्तु जन्मभर जमविल्या आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्या संग्रहाचें मोल तेथील वस्तु राजेरजवाड्यांच्या आहेत म्हणून नव्हे, तर साध्या संसारांतल्या आहेत म्हणून आहे. हल्लीं युरोप-अमेरिकेंत, व थोड्याफार प्रमाणांत आपल्याकडेहि, असाच एक संग्राहकांचा वर्ग निर्माण झाला आहे. टेबलावर ठेवावयाच्या जुन्या संगणकांच्या पेट्या हे लोक जमवितात. आपल्याकडील दुकानदार ज्यांस ‘कॅबिनेट’ म्हणतात व घरोघरीं ज्यांस सरसकट ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे, त्याच ह्या पेट्या. त्या नुसत्या जमवून हे लोक थांबत नाहींत. घासून, सांधून, रंगवून त्यांस पुन्हां नवें रूप देतात. जुनी वस्तु नवी केली म्हणजे तिचा इतिहास राहतो कीं जातो, हा प्रश्न येथें उद्भवतो, व त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, संगणकाचें मर्म त्याच्या आंतील विद्युन्मंडलांत. पेटी म्हणजे केवळ वरचें टरफल. टरफलाचा इतिहास तो काय सांगावयाचा? परंतु ह्या यंत्राच्या चरित्रांत पेटीचें स्थान आरंभापासूनच मोठें मौजेचें आहे. १९७५ च्या जानेवारींत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नांवाच्या संगणकाचें चित्र आलें, आणि सामान्य मनुष्यासहि स्वतःचा संगणक बाळगतां येईल ही कल्पना तेथून पसरली. वस्तुतः आल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला पाठविलेलें मूळ यंत्र वाटेंतच गहाळ झालें होतें. म्हणून चित्रांत जी दिसते ती दिवे व खटके बसविलेली एक पोकळ पेटी! ज्या चित्रानें हजारों लोकांस वेड लावलें त्यांत संगणक नव्हताच. होतें तें टरफलच.

पुढल्याच वर्षीं उलट प्रकार घडला. १९७६ सालीं विक्रीस आलेला पहिला ‘ॲपल’ पेटीवांचूनच मिळे. घेणाऱ्याच्या हातीं सुटे भाग जोडलेला एक फलक पडे. पेटी ज्याची त्यानें करून घ्यावी. कित्येकांनीं ती लाकडाची केली. मात्र १९७७ च्या एप्रिलांत सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत दुसरा ‘ॲपल’ मांडण्यांत आला तो जेरी मॅनॉक ह्यांनीं आंखलेल्या प्लास्टिकच्या पेटींत. उतरत्या माथ्याची, कळफलक पोटाशीं घेतलेली ती फिकट रंगाची पेटी प्रयोगशाळेपेक्षां घरांतच अधिक शोभणारी होती. यंत्रास बिचकणाऱ्या माणसाचा धीर चेपण्याचें काम, आंतील हुशारीइतकेंच, ह्या पेटीनेंहि केलें.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें आपला ‘पर्सनल काँप्युटर’ जाहीर केला. त्याची पेटी पोलादी पत्र्याची, आडवी, दणकट आणि कचेरींतल्या कपाटासारखी गंभीर होती. ह्या कंपनीनें यंत्राच्या रचनेची माहिती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्यामुळें इतरांस तशींच यंत्रें करणें शक्य झालें, आणि थोड्याच वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांच्या परंतु एकाच कुळींतल्या पेट्यांचा सुकाळ झाला. १९८४ च्या ‘ए. टी.’ नामक यंत्राच्या दर्शनी भागावर चक्क कुलूप असे. त्याची किल्ली फिरविली कीं कळफलक बंद. पुढें इतर कारखानदारांच्या पेट्यांवर ‘टर्बो’ असें लिहिलेलें बटण आलें. नांवावरून तें वेग वाढवीत असेल असें वाटावें. वस्तुतः जुने खेळ व कार्यक्रम नीट चालावेत म्हणून यंत्राची गति कमी करण्याची सोय त्यांत होती. शेजारीं वेगाचा आंकडा लाल-हिरव्या दिव्यांनीं झळके. परंतु तो आंकडा कोणी मोजलेला नसून, पेटी जोडणारानें आंतील चिमट्यांनीं जसा लावावा तसा दिसे. त्या काळच्या माणसास वेगाचें किती अप्रूप होतें ह्याची साक्ष ह्या खोट्या आंकड्याइतकी दुसरें कोणतें साधन देईल? १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘ए. टी. एक्स.’ हें माप ठरवून दिलें आणि पेट्यांच्या आकारास स्थैर्य आलें. १९९८ सालीं ॲपलनें निळसर, अर्धपारदर्शक ‘आयमॅक’ काढला, तेव्हांपासून त्या मळकट बदामी रंगाची सद्दी ओसरूं लागली.

कांहीं पेट्यांच्या आंतल्या बाजूसहि इतिहास लिहिलेला आहे, तोहि अक्षरशः. १९८४ सालीं निघालेल्या ‘मॅकिंटॉश’च्या मागील कवचाच्या आंतल्या अंगास तें यंत्र घडविणाऱ्या मंडळींच्या सह्या सांच्यांतूनच उमटविलेल्या आहेत. १९८५ च्या ‘अमिगा १०००’ च्या झांकणाखालीं तर सह्यांच्या जोडीस जे मायनर ह्या मुख्य रचनाकाराच्या मिची नांवाच्या कुत्रीच्या पंजाचा ठसाहि आहे! आपल्याकडील जुन्या देवळांत पाथरवटांनीं दगडावर आपापल्या खुणा कोरून ठेवल्याचें दिसतें. त्यांतलाच हा प्रकार. वापरणाऱ्यास ह्या सह्या कधींच दिसावयाच्या नव्हत्या. त्या दिसतात त्या दुरुस्तीसाठीं पेटी उघडणारास.

आतां जीर्णोद्धाराकडे वळूं. जुन्या पेटीचे शत्रु मुख्यतः तीन. पहिला गंज. दुसरा आंतील लहानशी बॅटरी: ती वर्षानुवर्षें तशीच राहिल्यास फुटते, तिच्यांतील द्रव पाझरतो आणि फलकासह पत्राहि खाऊन टाकतो. तिसरा, व संग्राहकांस सर्वांत अधिक जाळणारा, म्हणजे पिवळेपणा. ह्या पेट्यांचें प्लास्टिक बहुधा ‘ए. बी. एस.’ जातीचें असतें. त्यांतील ब्युटाडाइन ह्या घटकावर हवेंतील प्राणवायु, उष्णता व सूर्यकिरणांतील अतिनील भाग ह्यांचा परिणाम होतो. आग लवकर लागूं नये म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त द्रव्यें घालीत, त्यांसहि ह्या कामीं दोष दिला जातो. एकाच पेटीचा वरचा भाग हळदीसारखा पिवळा व खालचा मूळच्या रंगाचा, असेंहि पाहावयास मिळतें; कारण ते दोन भाग प्लास्टिकच्या निरनिराळ्या घाण्यांतून निघालेले असतात.

२००८ सालीं ह्यावर संग्राहकांच्या मंडळींतूनच एक तोड निघाली. तिला ते ‘रेट्रोब्राइट’ म्हणतात. पेटी पूर्ण उकलून, सर्व धातु वेगळे करून, प्लास्टिकचे भाग तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडांत बुडवावयाचे किंवा त्याचा दाट लेप त्यांस द्यावयाचा, व उन्हांत किंवा अतिनील दिव्याखालीं कांहीं तास ठेवावयाचे. ज्या प्रकाशानें पेटी पिवळी केली तोच आतां तिला उजळ करतो, हा ह्यांतला चमत्कार. परंतु हा चमत्कार जपून करावा लागतो. द्रव कातडीस भाजतो, म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक. लेप मध्येंच वाळला तर पेटीवर पांढुरके ओघळ कायमचे उठतात. आणि इतकें करूनहि कांहीं वर्षांनीं पिवळेपणा पुन्हां येऊं शकतो. शिवाय मूळचें प्लास्टिकच वयोमानानें ठिसूळ झालेलें असतें. पेटी उकलतांना तिच्या आंतील नाजूक कड्या हातांतल्या हातांत मोडतात.

एवढ्यासाठींच ह्या मंडळींत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, पेटी ज्या दिवशीं कारखान्यांतून निघाली त्या दिवशींचें रूप तिला परत द्यावें, कारण रचनाकारानें कल्पिलेला रंग तोच होता. दुसरा म्हणतो, पिवळेपणा हेंच त्या पेटीचें आयुष्य. तें पुसणें म्हणजे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसणें. हा वाद नवा नाहीं. फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्यूक जुन्या इमारती पूर्णावस्थेस नेण्याचा पुरस्कार करीत होता, त्याच शतकांत इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालीं असल्या जीर्णोद्धारावर कडाडून हल्ला केला, व १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठीं संस्थाच स्थापिली. दगडांविषयींचा तो वाद आतां प्लास्टिकापर्यंत येऊन पोंचला आहे, इतकेंच.

आपल्याकडे जीर्णोद्धार हें पुण्यकर्म मानलें आहे. अहल्याबाई होळकरांनीं बांधविलेलीं देवळें आठवावीं. परंतु तेथें देव जागृत असतो; देऊळ पूजेसाठीं उभें राहावें हा हेतु असतो, आणि तो साधण्यासाठीं नवा दगड बसविणें योग्यच. जो संगणक आतां कोणतेंहि काम करावयाचा नाहीं, जो केवळ साक्षीदार म्हणून उरला आहे, त्याची गोष्ट निराळी. साक्षीदाराचे कपडे धुवावेत. त्याची जबानी धुवूं नये.

आमच्या म्हणण्याचा अर्थ एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९८८ सालीं निघालेल्या ‘नेक्स्ट’ संगणकाची पेटी म्हणजे मॅग्नेशियम धातूचा काळा घन. त्यांतील एका यंत्रावर जिनेव्हानजीकच्या सर्न ह्या संस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९९० सालीं जागतिक जाळ्याचा पहिला सर्व्हर चालविला. त्या पेटीवर एक कागद चिकटविलेला असून, हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, अशी हातानें लिहिलेली ताकीद त्यावर आहे. संस्थेनें तें यंत्र त्या चिठीसह जतन केलें आहे. चिठी काढून पेटीस पॉलिश केलें असतें तर काळा घन अधिक सुंदर दिसला असता. परंतु साऱ्या जगाचें जाळें एके काळीं एका खटक्यावर अवलंबून होतें, हें मग त्या घनानें कोणास सांगितलें असतें?

आपल्याकडील हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. १९८४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें संगणकविषयक नवें धोरण जाहीर करून निर्बंध सैल केले. पुढील दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून संगणक करून देणारीं दुकानें गजबजूं लागलीं. पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला संगणक असाच ‘असेंबल’ केलेला होता. त्याच्या पेटीवर कोणा रचनाकाराचें नांव नाहीं, आंत कोणाच्या सह्या नाहींत. म्हणून संग्राहकहि तिच्याकडे फिरकत नाहीं. ‘ॲपल’ आणि ‘अमिगा’ राखावयास जगांत पुष्कळ लोक आहेत. ही निनांवी पेटी राखावयास कोणी नाहीं. आणि तीच तर आपल्या घरांतील खरी ऐतिहासिक वस्तु! आंतील भागांवर दुकानदारानें तारीख घालून चिकटविलेला हमीचा कागद, बाजूस मुलानें लावलेलीं क्रिकेटपटूंचीं चित्रें, आणि दर्शनी भागावर खंडेनवमीस लावलेल्या हळदकुंकवाचे फिकट डाग: इतकी सविस्तर बखर कोणत्या परदेशी पेटीवर सांपडेल? ज्या घरानें पाटीपूजन आणि शस्त्रपूजन पिढ्यान्‌पिढ्या केलें, त्यानें ह्या परक्या यंत्रास आपल्या देव्हाऱ्याच्या रिवाजांत कसें सामावून घेतलें, हें त्या डागांवरून कळतें. रेट्रोब्राइटच्या एका स्नानांत तें सारें वाहून जाईल.

येथें कोणी असें समजूं नये कीं, प्रत्येक घरानें माळ्यावर अडगळ सांठवावी असा आमचा आग्रह आहे. टाकाऊ विद्युत्-उपकरणांत विषारी द्रव्यें असतात. १ मे २०१२ पासून त्यांच्या विल्हेवाटीचे नियम अमलांत आले, २०१६ व २०२२ सालीं ते नव्यानें करण्यांत आले, आणि असा माल अधिकृत संस्थांकडेच जावा हें सर्वथा इष्ट आहे. पिवळेपणा काढूं नये असेंहि आमचें म्हणणें नाहीं. ज्या पेटीचे हजारों भाऊबंद शिल्लक आहेत, तींतली एखादी पुन्हां मूळ रंगाची करून ठेवली तर रचनाकाराचा हेतु पुढल्या पिढीस कळेल; तेंहि एक ज्ञानच आहे. पेटीचा सांगाडा शाबूत ठेवून आंत नवा संगणक बसविणारेहि पुष्कळ आहेत; पोट आधींच रिकामें असेल तर त्यांत वावगें कांहीं नाहीं, परंतु चालतें जुनें यंत्र त्यासाठीं उपटून फेंकणें हा अपराध होय. जें वस्तूस मारतें तें थांबवावें, म्हणजे बॅटरी काढावी, गंज रोखावा, मोडलेली कडी सांधावी. आणि जें वस्तूविषयीं बोलतें तें राहूं द्यावें, एवढाच विवेक आम्ही सुचवितों.

असो. दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरची जुनी पेटी खालीं येईल, तेव्हां भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तिचें झांकण एकवार उघडावें. बॅटरी पाझरली असेल तर ती हातमोजे घालून प्रथम दूर करावी. आंतील कागदांवरच्या तारखा टिपून घ्याव्यात, चारहि बाजूंचीं छायाचित्रें काढावींत, आणि ती कोणी, केव्हां, कशासाठीं घेतली हें घरांतील वडील माणसांस विचारून त्यांसोबत लिहून ठेवावें. त्यानंतर पेटी घरांत ठेवावयाची कीं द्यावयाची, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ठेवावयाची ठरल्यास धूळ पुसण्यास ओलें फडकें पुरे. कुंकवाच्या डागास मात्र हात लावूं नये.