कोडिक्कराईचे हिवाळी पाहुणे

तंजावरच्या आग्नेयेस, चोलमंडलाचा किनारा जेथें एकाएकीं पश्चिमेकडे वळतो, तेथें कोडिक्कराई नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. गांवामागें रान, त्यांत काळविटांचे कळप. आणि त्यापलीकडे वेदारण्यमची खारी दलदल व मिठागरें. १९३० सालीं राजगोपालाचारींनीं मिठाचा कायदा मोडला तो याच वेदारण्यमास. देशांत इतरत्र पावसाळा संपतो तेव्हां येथें ईशान्येचा पाऊस सुरू होतो. चिखलावर उथळ पाणी पसरतें, त्यांत सूक्ष्म जलचर माजतात, आणि त्याच सुमारास पांखरांचे थवे उतरूं लागतात. रोहित आपली वांकडी चोंच पाण्यांत फिरवितात, तर चिमणीएवढे टिलवे ओल्या काठावर धांवत भक्ष्य टिपतात.

हीं पांखरें येतात कोठून आणि जातात कोठें? बंदुकीनें पाडलेला पक्षी आपली जात सांगे, वाट सांगत नसे. वाट विचारण्याची युक्ति डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन या शिक्षकानें १८९९ सालीं योजिली. साळुंकीच्या कुळांतील पक्ष्यांच्या पायांत त्यानें क्रमांक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं हलकीं वाळीं घातलीं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हें काम १९२७ सालीं आरंभिलें. पण त्याला खरा वेग आला तो एका रोगामुळें.

१९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें मरूं लागलीं व माणसें तापानें आजारी पडलीं. पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रास सांपडलेला विषाणु रशियांतील एका मस्तिष्कज्वराच्या विषाणूशीं जुळणारा निघाला. तेव्हां संशय आला तो उत्तरेकडील पाहुण्यांवर. अंगावरील गोचिडींबरोबर रोग तेच तर आणीत नसतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें सलीम अलींनीं पांखरें धरून तपासण्याची मोहीम उभारली. परंतु हजारों पांखरें इजा न होतां धरावींत कोणीं? ही विद्या विद्यापीठांत नव्हती. ती होती बिहारमधील मीरशिकारांपाशीं. पांखरें धरणें हा त्यांचा पिढीजात धंदा. जाळें कोठें पसरावें, फडफडणारा जीव मुठींत कसा धरावा, हें त्यांचे हात जाणत होते. त्याच हातांनीं आतां पांखरूं धरलें, आणि पंखाचें माप घेऊन, पायांत वाळें घालून तें सोडून दिलें.

रोगाचें ठाणें त्या रानांतील गोचिडींतच आहे, हें पुढें स्पष्ट झालें. वाळीं मात्र प्रवास करीत राहिलीं. त्यांवर संस्थेचें नांव कोरलेलें असल्यामुळें सैबेरियांत सांपडलेल्या वाळ्यांची वार्ता मुंबईस पोंचली. १९६७ सालीं कोडिक्कराईस अभयारण्य झालें आणि तेथील दलदलींत हें काम अनेक हिवाळे चाललें. त्या काळांत मिठाचे कारखाने वाढले, गोडें पाणी उणावलें आणि थवे विरळ होत गेले. हें केवळ वृद्धांच्या आठवणींवर विसंबून सांगावें लागत नाहीं. मीरशिकारांच्या हातून सुटलेल्या पांखरांचे आंकडे संस्थेच्या वह्यांत आहेत, आणि मिठागरांविषयीं वाद निघतो तेव्हां दलदलीच्या बाजूनें पुढें ठेवण्यास तीच साक्ष उपयोगी पडते.