आंबिलीचा नैवेद्य

परवा आईचा फोन आला. "आंबील केलीया, पण प्यायला घरात कोण हाय?" म्हणजे गावाकडची माणसं सौंदत्तीहून परतली होती.

आमची गडमुडशिंगी कोल्हापूरला अगदी लागून. पण मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आजीचं सगळं लक्ष बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगराकडे. तिथली रेणुका म्हणजे आमची यल्लम्मा, परशुरामाची आई. या पौर्णिमेला तिला वैधव्य येतं अशी श्रद्धा आहे. कोल्हापूरकर एसट्या भरभरून जातात, आणि परतल्यावर शहरात जवाहरनगरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते.

नैवेद्य काय, तर ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून शिजवलेली आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर. थंडीत रानात जे असेल ते. पक्वान्नं करणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी आपलंच रोजचं जेवण देवीपुढे ठेवलं, आणि देवीने ते गोड मानून घेतलं. आपल्या भागातला माणूस काय खाऊन जगला हे मला पोथीपेक्षा या ताटात जास्त दिसतं.

आजी ताटाभोवती पाणी फिरवायची, डोळे मिटायची. मग तेच ताट आमच्यापुढे यायचं. देवीला दिलेलं असं प्रसाद होऊन परत घरात येतं, याची लहानपणी फार गंमत वाटायची.

त्या दिवशी दारात एक जोगतीण यायची. आम्ही जेवायला बसण्याआधी आजी पहिली भाकरी तिच्या परडीत घालायची. एकदा मी विचारलं, "हिला देवीला कुणी दिलं?"

"आईबापानं. नवस हुता."

"मग देवीनं परत नाही दिली?"

आजी काहीच बोलली नाही. माझ्या वाटीत आणखी आंबील ओतली.

पुढे वाचनात आलं की मुली सोडण्याच्या या प्रथेविरुद्ध कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1920 सालीच पाऊल उचललं होतं. कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने 2005 मध्ये. म्हणजे महाराजांच्या नंतर ऐंशीहून जास्त वर्षं गेली, तरी कायद्याची गरज उरलीच होती! तेवढ्या काळात किती परड्या भरल्या असतील?

म्हणून आता नैवेद्य म्हटलं की दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात. एकाच देवीच्या नावाने भाकरीही दिली गेली आणि लेकही. भाकरी प्रसाद होऊन घरी आली. लेक मात्र दुसऱ्यांच्या दारात भाकरी मागत फिरली.

आईला विचारलं, "पहिली भाकरी अजून बाजूला काढतेस?"

"काढती की. पर न्यायला कुणी येत न्हाई आता." जरा थांबून म्हणाली, "येऊच नये कुणी."

पुढच्या मार्गशीर्षात आंबील प्यायला गावी जायचं ठरवलंय.