लॅटिन आणि वैद्यकाची परिभाषा

डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या माथ्यावर 'आर' या इंग्रजी अक्षरासारखे एक चिन्ह असते. ती 'रेसिपे' या लॅटिन शब्दाची खूण, अर्थ 'घे'. औषधापुढचे 'बी. डी.' म्हणजे 'बिस डिए', दिवसातून दोन वेळा. पश्चिम रोमन साम्राज्य लयास जाऊन दीड हजार वर्षे लोटली. पण त्याची भाषा आपल्या औषधाच्या पुडीपर्यंत येऊन पोचली आहे.

मात्र लॅटिन ही मुळात वैद्यकाची भाषा नव्हती, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. रोमनांचे वैद्यक ग्रीकांकडून आले आणि त्याची परिभाषाही ग्रीकच होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस याने लॅटिनमध्ये आठ भागांचा वैद्यकग्रंथ रचला. जेथे स्वभाषेत शब्द सापडला तेथे तो योजला. जेथे सापडला नाही तेथे ग्रीक शब्द निःसंकोच ठेवला. ग्रीकांनी एका दुर्धर गाठीला खेकड्याचे नाव दिले होते. लॅटिनमध्ये खेकड्याला 'कॅन्सर' म्हणतात. पुढे मध्ययुगात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली. अरबांनी मेंदूच्या आवरणाला 'माता' म्हटले होते. म्हणून आजही त्यातील बाहेरचे आवरण 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठीण माता, आहे. तात्पर्य, ही परिभाषा ऋण काढूनच श्रीमंत झाली.

पण दुसऱ्यांकडून घेऊन वाढलेली ही भाषाच पुढे भिंत होऊन बसली. लॅटिन न जाणणारा अडाणी ठरू लागला. १५२७ मध्ये बाझेल येथे पॅरासेल्ससने जर्मनमधून व्याख्याने दिली, तेव्हा विद्वान खवळले. फ्रान्सचा शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे याला लॅटिन येत नव्हते. बंदुकीच्या जखमांवर उकळते तेल ओतू नये, हे त्याने रणांगणावर पाहिले आणि १५४५ मध्ये फ्रेंचमध्ये लिहून ठेवले. ते ज्ञान लॅटिनवाचून अडले नाही!

म्हणून लॅटिन टाकाऊ ठरते काय? नाही. एकाच अवयवाला अनेक नावे पडून गोंधळ माजला, तेव्हा १८९५ मध्ये बाझेललाच शरीररचनेची एकच लॅटिन नामावली मान्य झाली. देशोदेशीच्या वैद्यांना परस्परांचे कळावे, यासाठी ती हवीच.

परंतु रोग्यालाही कळावे लागते. मराठीतला 'कर्करोग' हा शब्द पाहा : कर्क म्हणजे खेकडाच! जी वाट सेल्ससने चोखाळली, तीच ही. लॅटिनपासून घ्यायचा धडा हाच, की कोणतीही भाषा शास्त्राची भाषा म्हणून जन्माला येत नाही. तिच्यात लिहिणारे तिला तशी करतात.