कचऱ्याचा नकाशा

घरचा कचरा दाराबाहेर गेला, कीं गृहस्थाची काळजी संपते. पण तो कोणाच्या तरी दाराशीं जाऊन पडतोच. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं १९७० च्या दशकाच्या अखेरीस कचरा पुरण्याच्या मैदानासाठीं नॉर्थवुड मॅनर वस्तीची, तीहि शाळेजवळची, जागा निवडण्यांत आली. वस्ती बहुतांशीं कृष्णवर्णीय, स्वतःच्या घरांत राहणाऱ्या मध्यमवर्गाची. रहिवाशांनीं संघटना उभारून १९७९ सालीं फिर्याद केली. कचऱ्याच्या जागेविरुद्ध नागरी हक्कांच्या कायद्याचा आधार घेणारी ही पहिली फिर्याद मानली जाते.

वकील लिंडा बुलर्ड यांनीं आपले पती, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड, यांच्याकडून शहराची पाहणी करविली. कृष्णवर्णीय लोक शेंकडा सुमारें २५; पण नगरपालिकेचीं पांचहि कचरा-मैदानें त्यांच्याच वस्त्यांत, आणि कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकीं सहाहि तेथेंच!

न्यायालयास मात्र हेतुपुरस्सर भेदभावाचा पुरावा हवा होता. तो सिद्ध झाला नाहीं. १९८५ सालीं दावा हरला, आणि मैदान झालेंच. तथापि १९८० सालीं नगरपरिषदेनें आपल्या गाड्यांना तेथें कचरा टाकण्यास मनाई केली, व १९८१ सालीं शाळांजवळ अशा जागा करण्यावर निर्बंध घातले.

हेतु मनांत दडवितां येतो. त्याचें फळ कोणाच्या दाराशीं पडलें, हें नकाशा दाखवितो.